कोकण किनाऱ्यावर कमी खर्चात साहसी भटकंती: खाडी ते खाडी आखणीची पद्धत

कोकणची सहल महाग पडली असे सांगणाऱ्यांचा हिशेब बारकाईने पाहिला, तर त्यात खोलीचे भाडे आणि सुरमईचे ताट यांपेक्षा मोठा आकडा बहुधा गाडीच्या इंधनाचा किंवा भाड्याच्या वाहनाचा असतो. चार दिवसांत अलिबाग, मुरूड, हरिहरेश्वर, गणपतीपुळे आणि मालवण असे सगळे एका दमात उरकण्याचा बेत आखला की निम्मा वेळ वाहनात जातो आणि पैसाही तिथेच संपतो. मग समुद्रात बुडी मारण्यासाठी किंवा एखादा जलदुर्ग निवांत पाहण्यासाठी हात आखडता घ्यावा लागतो. या लेखात मांडलेली पद्धत याच्या नेमकी उलट आहे. किनाऱ्याचा एक छोटा पट्टा निवडावा, तिथवर स्वस्तात पोहोचावे, पट्ट्यात पायी, एसटीने व होडीने फिरावे आणि अंतरात वाचलेला पैसा एखाद्या चांगल्या साहसावर मोकळ्या मनाने खर्च करावा.

पट्टा कसा निवडावा

कोकणचा किनारा सरळ रेषेत नाही. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्यांनी तो जागोजागी कापला आहे आणि प्रत्येक नदीच्या मुखाशी खाडी आहे. पलीकडचे गाव डोळ्यांसमोर दिसते, पण पूल नसेल तर रस्त्याने तिथे जायला वळसा घालावा लागतो. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की वाशिष्ठीच्या पलीकडचे धोपावे दिसते. रस्त्याने मात्र चिपळूणकडून फिरून जावे लागते आणि त्यात सहज अर्धा दिवस मोडतो. फेरीबोटीने, म्हणजे स्थानिक लोकांच्या जंगल जेटीने, तोच प्रवास काही मिनिटांत होतो आणि पायी जाणाऱ्याचे तिकीट किरकोळ असते. हीच सोय सावित्रीच्या मुखाशी वेश्वी-बागमांडला येथे, शास्त्री नदीच्या मुखाशी तवसाळ-जयगड येथे आणि रायगड जिल्ह्यात आगरदांडा-दिघी येथे आहे.

म्हणून नकाशा उघडल्यावर प्रथम गावे न पाहता खाड्या पाहाव्यात. दोन किंवा तीन खाड्यांमधला पट्टा चार-पाच दिवसांना पुरतो. मुंबई-पुण्याहून प्रथमच असा प्रवास करणाऱ्यांनी दापोली ते गणपतीपुळे हा पट्टा घ्यावा, असे माझे मत आहे, कारण त्याच्या दोन्ही टोकांना रेल्वेची सोय आहे, मध्ये दोन फेरीबोटी आहेत आणि किल्ले, कडे, पुळणी हे सर्व थोड्या अंतरात येते. समुद्रात बुडी मारणे हाच मुख्य हेतू असेल तर मालवण-देवबाग-निवती हा पट्टा घ्यावा आणि तिथेच राहावे. दोन्ही एकाच सहलीत जोडण्याचा मोह टाळावा.

दिवस निवडताना तिथी आणि वार दोन्ही पाहावेत

हंगामाचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. नाताळ ते नववर्ष, मे महिन्याची सुटी, गणपती, शिमगा आणि सलग सुट्यांचे शनिवार-रविवार या काळात खोल्यांचे दर चढतात आणि गाड्या भरून जातात. दिवाळीची सुटी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा असतो, कारण हवा सुसह्य असते, समुद्र निवळलेला असतो आणि घासाघीस न करताही दर कमी मिळतात. मालवणकडे जाणाऱ्यांनी मात्र आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख आधी पाहून घ्यावी. ती पंचांगाने ठरलेली नसून दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, आणि त्या दोन-तीन दिवसांत तळकोकणात राहायला जागा आणि गाडीत बसायला आसन मिळणे दुरापास्त होते.

वाराचा मुद्दा थोडा गुंतागुंतीचा आहे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोली स्वस्त मिळते, हे सर्वांना ठाऊक असते. होडीचे गणित मात्र उलटे चालते. हर्णैहून सुवर्णदुर्गाला किंवा निवतीहून डॉल्फिन पाहायला जाताना होडीचे भाडे अनेकदा संपूर्ण होडीचे असते. रविवारी अनोळखी लोकांबरोबर ते वाटून घेता येते, मंगळवारी मात्र दोघांनाच सगळे भरावे लागते. यावर साधा तोडगा असा, की शनिवारी रात्री निघून रविवारी सकाळी पोहोचावे, होडीची सर्व कामे त्याच दिवशी गर्दीसोबत उरकावीत आणि गर्दी परतायला लागली की रविवार रात्रीपासून मुक्काम सुरू करावा. रविवारी दुपारी रिकाम्या होणाऱ्या खोलीसाठी यजमान स्वतःहून दर उतरवतात.

आता तिथी. किनाऱ्यावरची कित्येक साहसे फुकट असतात, पण ती भरती-ओहोटीच्या वेळेवर अवलंबून असतात. ती वेळ चुकली की एकतर दिवस वाया जातो किंवा जीव धोक्यात येतो. कोळीवाड्यात आजही वापरला जाणारा ठोकताळा असा आहे, की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तेव्हा दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती असते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या आसपास येते, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुक्ल आणि कृष्ण अशा दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते आणि खाडीच्या आत भरती उशिरा पोहोचते, म्हणून गावात गेल्यावर धक्क्यावरील माणसाला विचारून खात्री करावी. घरबसल्या तारखा ठरवायला मात्र हा ठोकताळा पुरेसा आहे.

त्याचा उपयोग कसा करावा, यासाठी अलिबागचा कुलाबा किल्ला घेऊ. तो ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, ती वेळ सोयीची वाटते, परंतु अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, म्हणजे भरतीही थोडी आणि ओहोटीही थोडी, त्यामुळे वाटेत पाणी राहते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी खूप मागे हटते, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. तृतीया ते षष्ठी या तिथींना सकाळी सव्वाआठ ते साडेदहाच्या दरम्यान ओहोटी लागते आणि पाणीही बऱ्यापैकी ओसरलेले असते. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघावे आणि पाणी वळल्यावर तासाभरात किनाऱ्याला परत लागावे. हेदवीच्या बामणघळीला नेमके उलट हवे. खडकाच्या अरुंद भेगेत शिरलेले पाणी तिथे भरतीला उंच उसळते, म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे दुपारी बाराच्या सुमारास पोहोचावे आणि घळीच्या ओल्या कडेपासून दूर उभे राहावे.

तिथवर पोहोचण्याचा खर्च

कोकण रेल्वे १९९८ साली संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि तेव्हापासून मुंबईहून किनाऱ्याकडे जाण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग तीच आहे. आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा गर्दीच्या काळासाठी त्या दिवशी सकाळीच तिकीट काढावे. रात्रीच्या कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेसने गेल्यास एका मुक्कामाचे भाडे वाचते. मात्र एकदा तरी दिवसाच्या गाडीने जावे, असा माझा आग्रह राहील. मांडवी एक्स्प्रेस किंवा सकाळी दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी यांत खिडकीशी बसलेल्याला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि रत्नागिरीजवळचा ६० मीटरहून उंच पानवल नदीचा पूल तिकिटाच्या पैशांतच पाहायला मिळतो. दिवा-सावंतवाडी गाडी संथ आहे आणि सणासुदीला तिच्यात पाय ठेवायलाही जागा नसते, पण इतर दिवशी कमी पैशांत लांब जाणाऱ्याला तिच्याइतका चांगला पर्याय नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक असते आणि गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, हेही लक्षात ठेवावे.

रेल्वेत वाचवलेले पैसे स्थानकाबाहेर घालवणे फार सोपे आहे. या मार्गावरील बरीच स्थानके गावापासून दूर आहेत. रत्नागिरीचे स्थानक एसटी स्टँडपासून काही किलोमीटर अंतरावर आहे आणि राजापूर रोडहून राजापूर गाठायचे तर तो एक स्वतंत्र प्रवासच होतो. रेल्वेच्या तिकिटापेक्षा रिक्षाचे भाडे जास्त, अशी वेळ येते. म्हणून उतरण्याचे स्थानक निवडताना तिथून पुढे एसटी कशी मिळते, हे प्रथम पाहावे. खेड आणि चिपळूण ही स्थानके महामार्गाजवळ असल्याने सोयीची पडतात. मालवणला जायचे असल्यास सामान्यतः कुडाळ बरे. गाडी स्थानकात शिरण्यापूर्वीच डब्यातील सहप्रवाशांना कुठे जायचे आहे ते विचारून चौघांत एक रिक्षा ठरवावी. कोकणी माणूस याला सहसा नकार देत नाही.

एसटीबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण या पद्धतीचा खरा आधार तीच आहे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व गाड्यांत निम्मे तिकीट आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात प्रवास विनामूल्य आहे. ज्येष्ठांनी ओळखपत्र जवळ ठेवावे. महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास प्रसिद्ध आहे, परंतु एकाच पट्ट्यात फिरणाऱ्याला तो फायद्याचा ठरत नाही आणि निम्मे तिकीट असलेल्या महिलांना तर त्याहून कमी. रोज दीड-दोनशे किलोमीटर कापणाऱ्यांनीच त्याचा विचार करावा.

किनाऱ्यावरील गावांत एसटीच्या फेऱ्या मोजक्या असतात. त्यांतली सर्वांत उपयोगी गाडी म्हणजे वस्तीची गाडी, जी संध्याकाळी तालुक्याहून निघून शेवटच्या गावात मुक्काम करते आणि पहाटे परत फिरते. तिने गेल्यास दिवस मोडत नाही. तालुक्याच्या स्टँडवर पोहोचताच चौकशीच्या खिडकीवरील फलकाचे छायाचित्र काढून घ्यावे. मोबाइलवर दिसणाऱ्या वेळांपेक्षा तो फलक, आणि फलकापेक्षा वाहक, अधिक भरवशाचा असतो. एसटी नसलेल्या वेळी वडापची जीप किंवा सहा आसनी रिक्षा मिळते. बसण्यापूर्वी माणशी दर विचारावा, नाहीतर पाहुण्यांसाठी ती ‘स्पेशल’ ठरते.

स्वतःची गाडी नेणे नेहमीच उधळपट्टीचे असते, असे मात्र नाही. मुंबई-दापोली-गुहागर-रत्नागिरी-मुंबई असा फेरा आतल्या भटकंतीसह सुमारे ८०० किलोमीटरचा धरला, गाडी लिटरला १६ किलोमीटर जाते असे मानले आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर इंधनाला ५,२०० रुपये लागतात. चौघे असतील तर माणशी १,३०० आणि दोघेच असतील तर २,६००. त्यात टोल आणि फेरीबोटीवर गाडी चढवण्याचे पैसे वेगळे. यावरून माझा निष्कर्ष असा, की चौघांनी आणि लहान मुले किंवा वृद्ध सोबत असणाऱ्यांनी गाडी न्यावी, एकट्यादुकट्याने रेल्वे आणि एसटी धरावी. मुक्कामी पोहोचल्यावर दुचाकी भाड्याने घेणार असाल तर तिची पाटी काळी व अक्षरे पिवळी आहेत का, ते पाहावे. खासगी पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळाली आणि अपघात झाला, तर विमा नाकारला जाण्याचा धोका असतो.

मुक्काम आणि जेवण

‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशी पाटी किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात दिसते. समुद्राला लागून असलेली खोली आणि गावात दहा मिनिटे आत असलेली खोली यांच्या भाड्यात बराच फरक असतो. दिवसभर बाहेरच राहणाऱ्याला आतली खोली पुरते. इंटरनेटवर घर पाहावे, पण शक्य असल्यास थेट घरी फोन करावा, कारण मध्यस्थाचे कमिशन वाचले की यजमानालाही दर कमी करणे परवडते. बोलताना दर खोलीचा की माणशी, त्यात चहा-नाश्ता धरलेला आहे का, वातानुकूलन नको असल्यास किती कमी होतील आणि गरम पाण्याचे वेगळे पैसे आहेत का, हे चारही प्रश्न विचारून घ्यावेत. ‘काकू, आम्ही रविवारी रात्रीपासून तीन रात्री राहणार आहोत, साधी खोली चालेल, काय पडेल?’ अशा सरळ विचारण्याला सरळ उत्तर मिळते. जेवणाच्या दरात मात्र घासाघीस करू नये. पाट्यावर वाटलेल्या खोबऱ्याचे आणि चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बाईच्या कष्टांचे मोल तिने आधीच कमी लावलेले असते.

गणपतीपुळे आणि पावस येथील भक्तनिवास स्वच्छ आणि माफक दराचे आहेत. तिथले नियम पाळण्याची तयारी असावी, मद्यमांसाची अपेक्षा ठेवू नये. दुपारी मिळणारा प्रसाद हा सहलीच्या अंदाजपत्रकातील फुकटचे जेवण म्हणून धरणे मला योग्य वाटत नाही. तो घेतला तर दानपेटीत ऐपतीप्रमाणे टाकावे.

मासे खाण्यासाठी आलेल्यांचा खर्च सुरमई, पापलेट आणि मोठी कोळंबी यांवर फुगतो. बांगडा, मांदेली, ओले बोंबील किंवा सौंदाळे यांचे ताट बरेच स्वस्त पडते आणि चवीला यत्किंचितही कमी नसते. मालवणी मसाल्यातला ताजा बांगडा शिळ्या पापलेटापेक्षा केव्हाही वरचढ, आणि मुंबईतल्या किमतीची सवय झालेल्यांना हे पटवावे लागते, एवढेच. रात्रीच्या जेवणाचे सकाळीच सांगितले तर यजमान बंदरावरून आणतात. हर्णै बंदरावरचा माशांचा लिलाव पाहण्यासारखा आहे, तिथे स्वतः मासे घेऊन करणावळ देऊन घरी शिजवून घेता येतात. फक्त ‘आणले तर करून द्याल का’ हे आधी विचारावे. जून-जुलैमध्ये मासेमारीला बंदी असते, त्या काळात मासे महाग आणि बहुधा बर्फातले असतात, तेव्हा घावणे, आंबोळी, कुळथाची पिठी यांवर राहणे शहाणपणाचे.

ज्या साहसांना पैसे पडत नाहीत

पॅराशूटला बांधून घेऊन वर जाणे किंवा फुगवलेल्या केळ्यावर बसून पाण्यात पडणे, यांची जाहिरात मोठी असते. पाच मिनिटांच्या त्या खेळांना मी पैसे देणार नाही, कारण कोकणातले अस्सल साहस सड्यावर, कड्यावर आणि खडकाळ किनाऱ्यावर असते व तिथे तिकिटाची खिडकी नसते.

सड्यांवरची कातळशिल्पे हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण. जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर प्रागैतिहासिक माणसांनी कोरलेली हत्ती, मासे, मानवाकृती आणि अर्थ न लागलेल्या भौमितिक रचना रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत विखुरल्या आहेत. कशेळी, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, बारसू, रुंढेतळी, देवीहसोळ आणि सिंधुदुर्गातील कुडोपी या स्थळांचा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. उक्षीला तर कोकण रेल्वेचे स्थानकच आहे. ही शिल्पे सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर पाहावीत, कारण तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात आणि डोक्यावर सूर्य असताना काहीच दिसत नाही. सड्यावर झाड नसते, पाणी नसते आणि दहानंतर कातळ तापतो. माणशी तीन लिटर पाणी, टोपी आणि घोट्यापर्यंतचे बूट घेऊन जावे. शिल्पावर पाय देऊ नये, खडूने रेषा भरू नयेत. गावातला एखादा जाणकार सोबत घेऊन त्याला योग्य मोबदला द्यावा. सड्यावर वाट चुकण्यात आनंद नाही.

डोंगर चढणाऱ्यांसाठी खेडहून रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड ही रांग आहे. एकटा रसाळगड एका दिवसात आरामात होतो. तिन्ही गड करायचे तर दोन दिवस लागतात, झोलाई देवीच्या देवळाच्या आसऱ्याने मुक्काम करता येतो आणि सुमारगडच्या रानातल्या वाटेसाठी गावातला वाटाड्या घ्यावाच लागतो. ज्यांना एवढे नको, त्यांनी हर्णैला गोवा किल्ला, कनकदुर्ग आणि फत्तेगड हे किनाऱ्यावरचे तीन दुर्ग पायी पाहावेत आणि समोरचा सुवर्णदुर्ग होडीने. मराठ्यांच्या ज्या १२ दुर्गांना २०२५ साली जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत सुवर्णदुर्ग आहे, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. विजयदुर्गाला होडीचीही गरज नाही, तो जमिनीवरून चालत पाहता येतो.

वेळासला फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात. गावातल्या घरांत राहण्या-जेवणाची माणशी दराने सोय होते. पिल्ले नेमकी कधी बाहेर येतील, हे कोणाच्याही हाती नसते, म्हणून दोन रात्री राहावे. तंबू ठोकणाऱ्यांनी तर विशेष काळजी घ्यावी. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या विणीच्या किनाऱ्यांवर शेकोटी आणि झगझगीत दिवे नकोत, आणि कोणत्याही किनाऱ्यावर तंबूपूर्वी ग्रामपंचायतीला किंवा जागामालकाला विचारावे. सुरुच्या बनाच्या कडेला नारळीची वाडी असणाऱ्याने अंगणात तंबू लावू दिला, तर शौचालय आणि विहीर दोन्हींची सोय होते आणि त्याला चार पैसे मिळतात.

पावसाळ्यात खोल्यांचे दर तळाला जातात. समुद्रातले सर्व जलक्रीडाप्रकार साधारणतः मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, पण चिपळूणजवळचा सवतसडा, मार्लेश्वरचा धारेश्वर आणि आंबोलीचे धबधबे तेव्हाच भरात असतात. दरडींमुळे घाट अडू शकतो, म्हणून त्या दिवसांत सुटीचा एक दिवस शिल्लक ठेवावा.

जिथे पैसा वाचवू नये

मालवण-तारकर्लीला समुद्रात बुडी मारणे हा अंदाजपत्रकातील एकमेव मोठा खर्च असावा आणि तो पूर्ण करावा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत पाणी स्वच्छ असते, त्याआधी पावसाचा गाळ असतो. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, याशिवाय खासगी व्यावसायिक पुष्कळ आहेत. हॉटेलच्या दारात गाठणाऱ्या दलालाकडे पैसे न देता थेट धक्क्यावर व्यावसायिकाला भेटावे. पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटे, एका प्रशिक्षकामागे किती जण, प्रशिक्षकाकडे कोणते प्रमाणपत्र, छायाचित्रांचे पैसे धरलेले की वेगळे आणि विमा आहे का, हे विचारून मग दराकडे यावे. दोनशे रुपयांनी स्वस्त मिळणारी बुडी ही बहुधा पाच मिनिटांनी आखूड केलेली असते. सर्दी, कानाचा त्रास, दमा किंवा हृदयविकार असेल तर पाण्यात उतरू नये. बुडी मारल्यावर किमान १२ तास, शक्यतो १८ तास विमानप्रवास टाळावा, तेव्हा चिपी किंवा मोपा विमानतळावरून त्याच संध्याकाळचे तिकीट काढू नये.

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की नदीचे पाणी वरच्या जलविद्युत प्रकल्पातून सकाळी सोडले जाते व खेळ त्या पाण्यावरच चालतो, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम किंवा पहाटेची गाडी धरावी लागते. कोणत्याही होडीत जीवरक्षक जाकीट नसेल किंवा माणसे जास्त भरली असतील, तर दिलेले पैसे सोडून उतरावे. गणपतीपुळे आणि गुहागरचा समुद्र शांत दिसला तरी फसवा आहे, ओहोटीच्या वेळी पोहण्याचे धाडस नको. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि सर्वसाधारण मदतीचा ११२ हे क्रमांक मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावेत, आणि खिशात सुटे पैसे असावेत, कारण धक्क्यावर अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते व होडीवाल्याकडे पाचशेचे सुटे नसतात.

एक नमुना आखणी: खेड ते रत्नागिरी

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघून पहाटे खेडला उतरावे, प्रतीक्षालयात उजाडेपर्यंत थांबून पहिल्या एसटीने दापोली आणि तिथून हर्णै गाठावे. रविवारी सकाळी गर्दीबरोबर सुवर्णदुर्ग, दुपारनंतर लिलाव. मुक्काम हर्णै, दापोलीजवळचे मुरूड किंवा आंजर्ले. सोमवारी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला पायी जाऊन उरलेला दिवस पुळणीवर काढावा. मंगळवारी दापोलीवरून दाभोळ, चंडिकादेवीचे भुयारी मंदिर पाहून फेरीबोटीने धोपावे, वाटेत अंजनवेलचा गोपाळगड आणि मुक्काम गुहागर. बुधवारी वेळणेश्वर करून हेदवी. गुरुवारी हेदवीहून तवसाळ, तिथून फेरीबोटीने जयगड, मग गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. हेदवी-तवसाळ या टप्प्यात एसटी क्वचित मिळते, तिथे रिक्षेचे पैसे आधीच धरून ठेवावेत, आणि दोन्ही फेरीबोटींच्या शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. हेदवीचा बुधवार अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास येईल असा आठवडा निवडला, तर बामणघळही साधते.

परतीचे आरक्षण जाण्याच्या आरक्षणाबरोबरच काढावे. ते मिळाले नाही तर तत्काळच्या मागे न लागता पहाटे रत्नागिरीहून दिव्याला जाणारी गाडी धरावी. ती रत्नागिरीतच सुरू होत असल्याने गाडी फलाटाला लागताच गेल्यास खिडकीजवळची जागा मिळते. त्यासाठी शेवटची रात्र गणपतीपुळ्याला न काढता स्थानकाच्या जवळपास काढावी, कारण त्या वेळी स्टँडवरून स्थानकाकडे एसटी मिळण्याची शक्यता कमी आणि रिक्षाचे भाडे रात्रीचे असते.